आयसी भाजलेली काहील

जुन्या टीव्ही गेमच्या पोटात झुरळं असतात, हे फरहतला लहानपणापासून माहीत होतं. तिचे अब्बा सुभान यांचं शिरूरच्या एसटी स्टँडमागं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. पाच-सहा टीव्ही, लाकडी बाकडी आणि शाळा बुडवून आलेली पोरं. मोबाईल आले तसं पार्लर बंद पडलं आणि गेमचे सगळे संच माळ्यावर गेले. सुट्टी लागली की फरहत ते खाली काढून उघडत बसायची. आत झुरळांची टरफलं, उंदराच्या लेंड्या, एकदा तर वाळून कागद झालेली पाल निघाली. आई लांबूनच तोंडाला ओढणी लावायची. फरहतला त्याची किळस कधी वाटली नाही. ब्रशनं झाडलं, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं की खालून सर्किटची हिरवी पाटी निघायची, आणि पाटीच्या मधोमध चाळीस पायांचा काळा लांबट आयसी. तोच प्रोसेसर. पडद्यावर जे काही पळायचं, उड्या मारायचं, ते त्याच्या हुकमानं.

पुढं तिनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. रांजणगावच्या एका कंपनीत कंत्राटावर माल तपासायला लागली. कंत्राट संपलं, ते पुन्हा झालं नाही. घरी बसली असतानाच विक्रम आला.

विक्रम दौंडचा. पस्तिशीचा, पांढरा शर्ट, बोलायला गोड. जुने कम्प्युटर आणि गेम गोळा करायचे आणि त्यांचे प्रोसेसर इंटरनेटवरून परदेशी विकायचे, हा त्याचा धंदा. सुभानच्या माळ्याची खबर लागून तो आला होता. चहा पीत त्यानं सगळं समजावून सांगितलं. तिकडं लोकांनी चाळीसेक वर्षांपूर्वी घरात पहिल्यांदा कम्प्युटर घेतले, त्यातल्या बहुतेकांत दोनच जातीचे प्रोसेसर असायचे, एक झेड-एटी आणि दुसरा सिक्स्टी-फाइव्ह-झिरो-टू. त्या काळची पोरं आता म्हातारी व्हायला लागलीत, आणि त्यांना आपलं लहानपणचं यंत्र पुन्हा चालू करायचंय. झेड-एटी तर मूळ कंपनीनं दोन हजार चोवीस साली बनवायचा थांबवला, तेव्हापासून जो तो जुना माल शोधतोय.

सुभानच्या संचांचे प्रोसेसर मात्र तो काढणार नव्हता. ते पुण्यात काचेच्या कपाटात मांडायचे, खाली पार्लरचं नाव लिहायचं, असं तो म्हणाला. सुभानना एवढं ऐकून भरून आलं. त्यांनी पैशाची गोष्टच काढली नाही. संच न्यायला टेम्पो आला त्या दिवशी त्यांनी प्रत्येक संच ओल्या फडक्यानं पुसून दिला.

जाताना विक्रमनं फरहतला काम दिलं. दौंडकडच्या खुटबाव गावाहून प्लॅस्टिकच्या क्रेटमधून प्रोसेसर यायचे. तिच्याकडं एक जुना कम्प्युटर उघडा करून ठेवलेला होता. त्यात एकेक आयसी बसवायचा, चालला तर उजवीकडं, नाही चालला तर डावीकडं. मग फोटो काढायचा आणि विक्रमच्या इंटरनेटवरच्या दुकानाच्या पानावर इंग्रजीत माहिती लिहायची. माल बंद पडलेल्या एका टीव्ही कारखान्याच्या गोदामातला आहे, असं विक्रमनं सांगितलं होतं. आयसी दिसायलाही तसेच होते. वरून काळेभोर, पाय चकचकीत, आणि पांढऱ्या अक्षरांत नाव आणि ऐंशीच्या आसपासचं साल. फरहत लिहायची की हा माल कधीच वापरलेला नाही, वर्षानुवर्षं गोदामात जपून ठेवलेला आहे. लोकांचे आभाराचे निरोप यायचे. कुणाचा कम्प्युटर कितीतरी वर्षांनी सुरू झालेला असायचा. ती ते अब्बांना वाचून दाखवायची.

चार-पाच महिने असे बरे गेले. मग एकदा विक्रमचा ड्रायव्हर गावाला गेला, माल यायचा थांबला आणि गिऱ्हाइकं घाई करायला लागली. विक्रमचा फोन लागेना. फरहतनं ठरवलं की आपणच जाऊन क्रेट घेऊन यावं. न्हावऱ्यावरून चौफुल्याला एसटीनं गेली, तिथून रिक्षानं खुटबावला. पत्ता सांगितला तर रिक्षावाला म्हणाला, सर्जेराव आप्पाचं गुऱ्हाळ. आणि तिला कॅनॉलच्या कडेला सोडून मागं वळला, आत येईना.

आधी वास आला. गुऱ्हाळाच्या भिंतींत मुरलेला करपलेल्या गुळाचा वास, आणि त्यावर जळक्या प्लॅस्टिकचा. दोन्ही एकमेकांत असे मिसळले होते की गोड कुठं संपतं आणि जळकट कुठं सुरू होतं ते कळेना. फरहतच्या तोंडाला पाणी सुटलं. त्या पाण्याचीच तिला पहिल्यांदा किळस आली.

हंगाम नव्हता म्हणून सर्जेरावनं गुऱ्हाळ विक्रमला भाड्यानं दिलं होतं. आत चुलवाण पेटलेलं होतं, खालून चिपाडं सारत होते, आणि ज्या काहिलीत उसाचा रस आटवतात त्या काहिलीत सर्किटच्या पाट्या पसरल्या होत्या. एक माणूस लांब चिमट्यानं पाटी उचलायचा आणि काहिलीच्या काठावर आपटायचा. आयसीचे पाय पाटीला जोडणारं सोल्डर वितळून पाण्यासारखं खाली गळायचं आणि आयसी टपटप पडायचे. पलीकडं सात-आठ बाया ओळीनं बसल्या होत्या. त्या एकेक आयसी ओल्या दगडावर घासून त्याच्यावरचं जुनं नाव काढत होत्या, थिनरच्या घमेल्यात बुडवत होत्या आणि ब्रशनं वर काळा रंग देत होत्या. कोपऱ्यात एक छोटं मशीन त्या काळ्या पाठीवर नवं नाव छापत होतं. नवं नाव, जुनं साल.

ओळीत पहिली बसली होती ती कुशाबाई. साठीच्या आतली, गावातल्याच मेंढपाळांच्या घरातली. आता मेंढरं राहिली नव्हती, थोडी जमीन होती. फरहत कोण आणि कुठून आली हे कळल्यावर तिनं हातातलं काम ठेवलं आणि जेवायला बस म्हणाली, कारण त्यांची जेवायचीच वेळ झाली होती. फडकं तिथंच सोडलं, घमेल्याच्या शेजारी. तिच्या बोटांची सालं निघाली होती, अंगठ्याच्या मुळाशी लाल मांस दिसत होतं आणि उरलेल्या कातड्यात काळा रंग बसला होता. हिरव्या बांगड्यांच्या त्या हातानं तिनं भाकरी मोडून पुढं केली.

फरहतला नाही म्हणता आलं नाही. घास तोंडात घातला आणि भाकरीला थिनरचा वास आला. तिनं चावायचा प्रयत्न केला, गिळायचा प्रयत्न केला, मग उठून बाहेर गेली आणि उसाच्या कडेला सगळं थुंकून टाकलं.

परत आली तेव्हा तिला लाज वाटत होती. कुशाबाईला वाईट वाटलेलं दिसलं नाही.

"पयल्यांदा मलाबी व्हायचं असं," ती म्हणाली. "आता वासच येत न्हाई मला. दूध उतू गेलं तरी कळत न्हाई. सून वरडती तवा कळतंय."

तेवढ्यात फरहतची नजर दाराजवळच्या ढिगाकडं गेली. मोडलेल्या प्लॅस्टिकच्या खोक्यांचा ढीग होता. त्यात वरच एक राखाडी खोकं होतं, त्याच्या पाठीवर नेलपॉलिशनं लिहिलेलं, 'सुभान गेम, शिरूर'. ती अक्षरं तिनंच लहानपणी काढली होती. तिनं खोकं उचललं. आत पाटी नव्हती. खाली दुसरं होतं, तिसरं होतं, सगळी रिकामी.

विक्रम आला तो थंड पेयाच्या बाटल्या घेऊन. तिला बघून जरासुद्धा दचकला नाही. आलात ते बरं झालं, एकदा दाखवायचंच होतं, असं म्हणून त्यानं तिला सगळीकडं फिरवलं. कुठल्या शाळेतून कुठला कम्प्युटर आणला, कुठला आयसी किती सहज सुटतो, छपाईचं मशीन किती बारीक अक्षर काढतं, सगळं हौसेनं सांगितलं. एक आख्खा कम्प्युटर बाजूला ठेवला होता, अजून चालू होत असलेला. तो उद्या काहिलीत जायचा होता, कारण आख्खा विकायला जड पडतो. फरहतनं हातातलं खोकं पुढं केलं आणि विचारलं की हे काचेच्या कपाटात जाणार होतं ना.

"ताई, कपाट कोण बघतंय?" विक्रम म्हणाला. "आयसी चालतो का नाही ते सांगा. तुम्हीच टेस्ट केलाय. चालणारा माल देतोय आपण. वरचं नाव काय, लोकांना जे वाचायला आवडतं ते आपण छापतो."

तो हे बोलत असताना हसत होता, आणि बोलता बोलता त्यानं बाटली उघडून तिच्या हातात दिली. फरहतनं ती तशीच कुशाबाईच्या पुढ्यात ठेवली आणि क्रेट न घेता निघाली. परतीच्या एसटीत तिला सारखं वाटत होतं की शेजारची बाई आपल्याला वास येतोय म्हणून सरकून बसलीय. सगळं आपणच लिहिलेलं होतं. कधीही न वापरलेला, जपून ठेवलेला.

अब्बांना तिनं घरी पोचल्या पोचल्या सांगितलं. सुभान जेवायला बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ताट बाजूला सारलं आणि एवढंच म्हणाले, "आधी हात धुऊन ये."

दुसऱ्या दिवशी तिनं ज्यांना ज्यांना माल गेला होता त्या सगळ्यांना लिहिलं. हे प्रोसेसर जुन्या पाट्यांवरून भाजून काढलेले आहेत, वरचं नाव आणि साल खोटं आहे, काढणाऱ्या बायांचे हात सोलून निघालेत, ज्याला माल परत करायचा असेल त्यानं करावा. आता बोंबाबोंब होईल, दुकानाचं पान बंद पडेल, असं तिला वाटलं.

तसं काही झालं नाही. दोघांनी माल परत पाठवला, एकानं रागावून लिहिलं. बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही, किंवा दिलं ते असं की आमचा चालतोय, आमची तक्रार नाही. एकानं कळवलं की त्यानं तो आयसी यंत्रात घातलेलाच नाही, चौकट करून भिंतीवर लावलाय, आणि चौकटीत छान दिसतोय. आणखी एकानं विचारलं की साल हवं ते छापता येत असेल तर त्याच्या जन्माचं साल घालून एक मिळेल का. फरहतनं ते वाक्य पुन्हा वाचलं. मग मोबाईल पालथा ठेवला.

विक्रमचा फोन संध्याकाळी आला. ती शिव्या ऐकायच्या तयारीनं बोलायला लागली, पण तो खुशीत होता. म्हणाला की ताई, तुम्ही डोकं चालवलंत, लोकांना बायांची गोष्ट आवडलीय. आता लपवायचंच नाही, उलट सांगायचं की खेड्यातल्या बाया हातानं एकेक प्रोसेसर नव्यानं घडवतात. तुम्ही ते चांगल्या इंग्रजीत लिहा. फरहतनं फोन कट केला आणि पुन्हा उचलला नाही. पण त्यानं तिच्यासाठी थांबायचं कारण नव्हतं. आठवड्याभरात दुकानाच्या पानावर मोठा फोटो आला. एका बाईच्या तळहातावर ठेवलेला झेड-एटी. हात सावळा, गुळगुळीत, बोटं स्वच्छ, हातात हिरव्या बांगड्या. बांगड्या कुशाबाईच्या होत्या.

त्या फोटोनं जेवढी किळस आली तेवढी काहिलीनंही आली नव्हती. फरहत पुन्हा खुटबावला गेली. या वेळी आत शिरण्याआधी तिनं नाकाला रुमाल बांधला आणि मग कुशाबाईकडं बघून तो सोडून खिशात घातला. मोबाईल तिच्यापुढं धरला.

कुशाबाईनं हात फडक्याला पुसले, मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मग आपला उजवा हात मोबाईलच्या शेजारी उताणा ठेवला.

"अंगठा माजा हाय. बांगड्याबी माज्याच," ती म्हणाली. "कातडं कुनाचं लावलंय?"

फरहतनं सांगितलं की कम्प्युटरवर पुसून गुळगुळीत करता येतं. कुशाबाईनं शेजारच्या बाईला फोटो दाखवला, तिनं पुढच्या बाईला. ओळीच्या शेवटापर्यंत मोबाईल गेला आणि परत आला. कुशाबाई उठली, तिनं डबा उचलला, चपला घातल्या आणि बाहेर पडली. थोड्या वेळानं बाकीच्याही उठल्या. विक्रमनं फोन केले, घरी माणसं पाठवली, हातमोजे आणून देतो म्हणाला. कुणी परत गेलं नाही. त्यानं कुरकुंभकडून दुसरी माणसं आणून काही दिवस रेटलं. पण धुराच्या तक्रारी वाढल्या होत्या आणि उसाचा हंगामही तोंडावर आला होता, म्हणून सर्जेरावलाच गुऱ्हाळ परत पाहिजे होतं. विक्रमनं मशीन, क्रेट, पाट्या टेम्पोत घातल्या आणि निघून गेला. कुठं गेला ते कुणालाच सांगितलं नाही.

इथं हे संपलं असतं. फरहत शिरूरच्या बाजारपेठेत मिक्सर, टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात कामाला लागली होती. एका सकाळी कुशाबाईचा फोन आला. सर्जेराव त्याच काहिलीत रस आटवणार आहे, तू ये आणि त्याला काय ते सांग, असं ती म्हणाली. दुकानातून सुट्टी मागून फरहत निघाली.

सर्जेराव साठीचा, उंचापुरा, गावात मान असलेला माणूस. चुलवाणावर बसवलेल्या काहिलीत उकिडवा बसून तो विटेच्या तुकड्यानं आणि राखेनं बुड घासत होता. बुडाला सोल्डरचे थर चिकटले होते, काही खरवडून निघाले होते, काही लोखंडात बसल्यासारखे झाले होते. काठाला जळक्या प्लॅस्टिकची काळी किटणं होती. फरहतनं त्याला आप्पा म्हणून हाक मारली आणि जमेल तेवढं नीट समजावलं. सोल्डरमध्ये शिसं असतं. शिसं दिसत नाही, त्याला वास नाही, ते गरम रसात उतरतं आणि गुळातून पोटात जातं. लहान लेकरांच्या तर मेंदूला धरतं. ही काहील आता घासून स्वच्छ होणारी नाही, दुसरी घ्यावी लागेल.

सर्जेरावनं शांतपणे ऐकलं. वीट खाली ठेवली, कपाळ पुसलं.

"रस किती आटतो तुला ठाव हाय का?" तो म्हणाला. "त्यात समदं जळून जातंय. आन् ह्यो गूळ आपन कुठं खातोय? आपल्या घरचा मी येगळा आनतो. ह्यो पुन्याला जातोय, शेंद्रिय म्हनून."

तो हे चोरून बोलला नाही. मोठ्यानं, दिवसाढवळ्या, समजूत घातल्यासारखं बोलला. विक्रम खोटं बोलताना निदान हसायचा तरी. हा हसतही नव्हता. दारात उसाची पहिली बैलगाडी येऊन उभी राहिली, सर्जेराव काहिलीतून बाहेर पडला आणि गाडीवाल्याशी बोलायला गेला.

कुशाबाई आतापर्यंत भिंतीला टेकून उभी होती. तिनं कोपऱ्यातली पहार उचलली, पदर खोचला आणि काहिलीत उतरली. बुडाच्या मध्यावर, जिथं सोल्डरचा सगळ्यात जाड थर होता, तिथं तिनं पहार मारली. पहिल्या घावाला नुसता आवाज झाला. दुसऱ्याला खड्डा पडला. सोललेल्या हातांना पहार धरवत नव्हती, ती निसटून पडली. तेव्हा फरहत आत उतरली. तिनं पहार वरून धरली, कुशाबाईनं खालून, आणि दोघींनी मिळून मारायला सुरुवात केली. लोखंड फाटलं आणि खालच्या चुलवाणाची काळी पोकळी दिसायला लागली, तरी त्या थांबल्या नाहीत. डाग देऊन बुजवता येऊ नये एवढं भोक मोठं केलं.

आवाज ऐकून सर्जेराव धावत आला. माझी काहील फोडली म्हणून त्यानं आरडाओरडा केला, चार माणसं जमली. पोलिसात जातो म्हणाला, भरपाई घेतो म्हणाला. कुशाबाई काहिलीतून बाहेर आली, दम खात चुलवाणाच्या कट्ट्यावर बसली.

"जावा आप्पा," ती म्हणाली. "मी काहील फोडली, मीच सांगती. तुमी तिच्यात काय शिजत हुतं ते सांगा."

सर्जेराव जमलेल्या माणसांकडं बघायला लागला. त्यातले दोघं त्याच्याकडून गूळ नेणारे होते. त्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि एकानं पुढं होऊन काहिलीच्या बुडावरनं बोट फिरवलं. बोट काळं झालं. त्यानं ते वास घेऊन बघितलं आणि तोंड वाकडं केलं. सर्जेराव पोलिसात गेला नाही.

कुशाबाईचे हात भरून यायला अर्धा हिवाळा गेला. दवाखान्यात मलम दिलं, नाकाचं काही सांगता येत नाही म्हणाले. विक्रमचं दुकान दुसऱ्या नावानं इंटरनेटवर सुरूच आहे, फोटोही तोच आहे. फरहतनं दोन-तीनदा तक्रार केली, पान बंद झालं नाही.

जानेवारीत ती कुशाबाईला बघायला खुटबावला गेली. गुऱ्हाळावर नवी काहील बसली होती, धूर चालला होता. कुशाबाई तिला एसटीपर्यंत सोडायला आली. वाटेत तिनं सांगितलं की सर्जेराव गावात सगळ्यांना सांगतोय, जुनी काहील त्यानं स्वतःच फोडली, लोकांच्या जिवाशी खेळ नको म्हणून. ग्रामपंचायतीनं त्याचा नारळ देऊन सत्कारही केला. फरहत थांबली. तिनं विचारलं की मावशी, तुम्ही काही बोलला नाहीत?

"म्हनू दे त्याला," कुशाबाई म्हणाली. "गूळ शिजला न्हाई त्यात."

एसटी आली. फरहतच्या तोंडाला कडवट पाणी आलं होतं. ती रस्त्याच्या कडेला थुंकली, ओढणीनं तोंड पुसलं आणि गाडीत चढली.